वीस तासांच्या आत

१७ सप्टेंबर, मंगळवार

झेलिन्स्की बाईंनी आज मला एक हिरवी वही दिली आणि बजावलं, "हिच्यात फक्त वेळ लिहायची. कुठे गेलास, किती वाजता गेलास, किती वाजता सुटलास. राग लिहायचा नाही. राग लिहिलास की समोरचा वकील नेमका तोच वाचून दाखवतो आणि तास राहतात बाजूला."

म्हणून राग इथे लिहितो आहे. ही वही माझी. ती कोणाला दाखवायची नाही.

झेलिन्स्की बाई कामगारांच्या वकील आहेत. आजवर त्या नर्सेससाठी, बसचालकांसाठी, कत्तलखान्यातल्या माणसांसाठी लढल्या. बास्केटबॉल खेळणारे आम्ही पहिलेच. हॅल्डेन विद्यापीठाच्या टीमचे आम्ही पंधरा जण. आमचं म्हणणं एवढंच की आम्ही इथे काम करतो. तर आम्हाला कामगार म्हणा, पगार द्या, आणि हातपाय मोडला तर तो खर्च तुमचा. विद्यापीठ म्हणतं, तुम्ही विद्यार्थी आहात, आपल्या हौसेने खेळता. खरं कोणाचं ते कामगार मंडळाच्या सुनावणीत ठरणार. बाई म्हणाल्या, सगळा खटला एकाच प्रश्नावर उभा आहे: तुमचा दिवस कोणाच्या हातात असतो? ते दाखवायला तास हवेत, आणि तास नीट लिहील असा एक माणूस हवा.

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आमचा कप्तान मॅब्री म्हणाला, "क्विन्सीला द्या. हा कारकून अंघोळीला जातानासुद्धा घड्याळ बघतो."

मला राग आला नाही. मी चार वर्षांत चार शाळा बदलल्या. प्रत्येक शाळेने मला खेळवलं, पास केलं, आणि पुस्तक उघडलंस का असं एकाही शाळेने विचारलं नाही. मी इथे आलो तेव्हा मला साधा अर्ज लिहिता येत नव्हता. आता कोश उशाशी ठेवतो. शब्द पाहिल्याशिवाय लिहीत नाही. जे मला कोणी दिलं नाही ते मी एकेक करून घेतो आहे.

१८ सप्टेंबर, बुधवार

पहिला दिवस नोंदवला. सहा ते सव्वासात वजनं. साडेसात ते साडेआठ जुन्या सामन्यांची चित्रफीत. नऊ ते बारा वर्ग. एक ते पावणेपाच सराव. पाच ते सहा पट्ट्या, बर्फ, मालीश. सात ते आठ देणगीदारांबरोबर जेवण, टाय सक्तीचा.

वजनांच्या खोलीबाहेर वेळापत्रक लावलेलं आहे. त्यावर लिहिलं आहे, ‘स्वेच्छेने’. मी हा शब्द कोशात पाहिला. स्वतःच्या इच्छेने, कोणाच्याही दबावाशिवाय. गेल्या वर्षी एक जण आपल्या इच्छेने दोन दिवस झोपून राहिला. त्यानंतर पाच सामने तो बाकावर बसून होता. कोच ड्रिस्कल त्याला म्हणाले, "माझीही इच्छा असते, बाळा."

वहीत दोन रकाने होते. मला एकच लागत होता. रिकामा रकाना मला बघवत नाही, म्हणून दुसऱ्यावर ‘लान’ असं लिहिलं आणि लान्सानाचेही तास भरले. आम्ही एकाच खोलीत राहतो, एकत्र निघतो, एकत्र परततो. वेगळे कष्ट काहीच नाहीत.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज बसमध्ये तासांचा कागद फिरला. दर सोमवारी फिरतो. विद्यापीठांच्या खेळांची जी संघटना आहे तिचा नियम आहे की खेळाडूकडून आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त खेळाचं काम घ्यायचं नाही. त्यामुळे कागदावर आकडा आधीच छापून येतो. साडेएकोणीस. खाली पंधरा नावं, नावांपुढे रेघा. कागद पुढच्या बाकावरून निघतो आणि शेवटच्या बाकापर्यंत जातो. कोणी वाचत नाही. खाली बघायचं, सही करायची, मागे द्यायचा.

मीही तीन वर्षं सही केली. दर सोमवारी. माझी सही सुंदर आहे, शाळेत असताना मुद्दाम गिरवून बसवली होती.

आज हिरव्या वहीत गेल्या पाच दिवसांची बेरीज चौतीस होती आणि तरी मी साडेएकोणीसपुढे सही केली. पेन इतका दाबला की कागद फाटला. मागे बसलेला मॅब्री म्हणाला, "अरे हळू, तो कागद काय तुझा बाप आहे?"

२९ सप्टेंबर, रविवार

लान्सानाने चहा केला. खोलीत शेगडी ठेवायला बंदी आहे. तो ती बुटांच्या खोक्यात ठेवतो. पुदिना, भरपूर साखर, आणि एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात इतक्या उंचावरून ओततो की फेस येतो. तीन फेऱ्या होईपर्यंत उठायचं नसतं. सेनेगलमध्ये त्याच्या गावी, झिगिंशोरला, असंच करतात. तो सात फुटांचा आहे आणि पेला त्याच्या हातात झाकणाएवढा दिसतो.

आज चहा पिताना तो हसत होता, मी मात्र तापलो होतो. कोपऱ्यावरच्या पिझ्झावाल्याने त्याच्या नावाचा पिझ्झा काढला आहे. सर्वांत मोठा. दुकानाच्या काचेवर लान्सानाचं चित्र लावलं आहे. शुक्रवारी हा तिथे गेला, मालकाने प्रेमाने एक पिझ्झा फुकट दिला. आज सकाळी विद्यापीठाच्या नियम विभागाच्या प्रूइट बाईंचा निरोप आला: तू परदेशी विद्यार्थी आहेस, तुझ्या चेहऱ्याचा मोबदला तुला घेता येणार नाही, पिझ्झाचे पैसे भरून पावती आणून दे.

मॅब्री मोटारींच्या दुकानाच्या जाहिरातीत असतो, त्याला ट्रक मिळाला आहे. आता कायद्याने ते चालतं. लान्सानाला चालत नाही, कारण त्याच्याजवळ शिक्षणाचा व्हिसा आहे. त्याच्या नावाच्या जर्सी विद्यापीठाने विकल्या तर चालतं.

"मग तू पैसे भरलेस?"

"भरले. अठरा डॉलर."

"आणि तुला राग नाही आला?"

"पिझ्झा चांगला होता, क्विन," तो म्हणाला. "माझ्यावर कांदा थोडा जास्त आहे."

त्याला काही समजत नाही असं मला कधीकधी वाटतं. चांगला माणूस आहे. पण जग कसं आहे ते त्याच्या लक्षात येत नाही. कोणीतरी त्याची काळजी घ्यायला हवी.

८ ऑक्टोबर, मंगळवार

मंडळाकडे अर्ज दाखल झाला. संध्याकाळी जिमच्या भिंतीवर कोणीतरी रंगाने मोठ्या अक्षरांत ‘कृतघ्न’ लिहून गेलं. शब्द चुकीचा लिहिला होता. मी रंग शोधायला निघालो, मॅब्रीने हात धरला. म्हणाला, "शिव्या तरी शुद्ध करून देऊ नकोस त्यांना."

कोच सरावात एक शब्द बोलले नाहीत. नुसती शिट्टी वाजवत राहिले. चार तास.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

झेलिन्स्की बाईंच्या कचेरीत वही दाखवली. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाल्या, "तीस वर्षं वकिली करते आहे, इतक्या नीट नोंदी मी पाहिल्या नाहीत." मला फार बरं वाटलं. मग त्यांचं बोट दुसऱ्या रकान्यावर थांबलं.

"हा लान कोण?"

मी सांगितलं. लान्साना दियाता, आमच्या टीममध्ये सेंटरच्या जागी खेळतो, माझा खोलीसोबती.

"हे आकडे तू स्वतः बघून लिहिलेस?"

"सगळे. आम्ही बरोबरच असतो."

"त्याला माहीत आहे?"

"त्याची काही हरकत नसणार. घ्या तुम्ही. दोन माणसांचे तास असले तर पुरावा जास्त पक्का होतो ना?"

त्यांनी वही मिटली. मग त्यांनी लान्सानाचा फोन नंबर मागितला. मी सुवाच्य अक्षरात लिहून दिला. बाहेर पडताना पुन्हा आत जाऊन नंबर बरोबर आहे ना ते तपासलं. बरोबर होता.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

नीट लिहितो.

आज लान्सानाला परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत बोलावलं होतं. समोर प्रूइट बाई होत्या आणि विद्यापीठाचा वकील हार्ग्रोव्ह होता. त्याला चहा विचारला, खुर्ची दिली, आणि एक कागद दिला. आपण काय म्हणतो आहोत हे न म्हणता सांगायची या लोकांची पद्धत आहे. नुसतं म्हणाले, "तुमच्या माहितीसाठी."

मी तो कागद तीनदा वाचला. परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठात आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येतं. एकविसावा तास झाला की त्याचा विद्यार्थी म्हणून दर्जा संपतो. दर्जा संपला की देश सोडायचा.

म्हणजे असं. आजपर्यंत तो खेळत होता, कारण आम्ही खेळाडू होतो. आम्ही जिंकलो आणि मंडळाने आम्हाला कामगार म्हटलं, तर त्याने चार वर्षं बेकायदा काम केलं असं होतं. पुरावा कुठे आहे? माझ्या हिरव्या वहीत. ७ ऑक्टोबरचा आठवडा: एकेचाळीस तास. माझ्या हाताने, माझ्या सुवाच्य अक्षरात, गरज नसताना, रकाना रिकामा बघवत नाही म्हणून.

आणि त्याला वाचवणारा कागद कोणता? बसमधला. साडेएकोणीसचा. तो खोटा कागद हा त्याचा खरा व्हिसा आहे.

हरामखोरांनो. तुम्ही त्याला एकेचाळीस तास राबवलंत, साडेएकोणीसवर सही घेतलीत, आणि आता म्हणता, बघ हं, तुझ्या मित्रांनी खरं सांगितलं तर तुला जावं लागेल. मे महिन्यात त्याची पदवी आहे. पुलांचं शिक्षण घेतो आहे तो, स्थापत्य. त्यासाठी दुपारच्या प्रयोगशाळेची वेळ बदलून घ्यायला तो दोन वर्षं प्राध्यापकांच्या दारात उभा राहिला. मलाही तेच शिकायचं होतं. माझी प्रयोगशाळा सरावाच्या वेळी होती, मी एकदा विचारलं आणि गप्प बसलो.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. दोनदा. कायद्याची भाषा त्याला जड जात असणार.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"नाही, तुला कळलं नाही. त्या तासांमुळे..."

"क्विन, मला चार भाषा येतात. कळलं मला." मग विचारलं, "तू वहीत माझं नाव लिहिलंस तेव्हा मला विचारणार होतास का?"

"काय विचारायचं होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुदिना तोडायला घेतला. घाबरला असणार. घाबरला की तो असा गप्प होतो.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

कोच ड्रिस्कलनी मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. तीन वर्षांत प्रथमच मला बसायला सांगितलं.

"टॉलिव्हर, तुझी ती वही फार नीट असते म्हणे. आमच्या वकिलाने पाहिली. त्यांना प्रत द्यावी लागते, तुला माहीत असेल."

मी मान हलवली.

"मला राग नाही. तुमचा हक्क आहे. मला काळजी दियाताची वाटते. त्याची आई पदवीदानाला येणार आहे. बिचारी कधी विमानात बसलेली नाही." ते खिडकीकडे बघत होते. "माणूस वहीत लिहितो, पण सगळंच काही डोळ्यांनी बघून लिहीत नाही. काही अंदाजाने भरतो. त्यात पाप नाही. कोणी विचारलं तर तसं सांगायचं, एवढंच."

मी बाहेर आलो. इतका कठोर माणूस, पण आज पहिल्यांदा माणसासारखा बोलला. त्यालाही लान्साना आवडतो. त्याने मला वाट दाखवली. माझे तास खरे, लान्सानाचे अंदाजाने. खटलाही वाचतो आणि लान्सानाही.

झेलिन्स्की बाईंना हे सांगितलं नाही. त्या म्हणतात, "खरं सांग, बाकी माझ्यावर सोड." त्यांना कुठे देश सोडून जायला सांगितलंय.

५ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या साक्ष. सदरा तीनदा इस्त्री केला. लान्सानाने विचारलं, "उद्या काय सांगणार आहेस?"

"तू काळजी करू नकोस."

"मी ते विचारलं नाही."

"सगळं ठरवलं आहे मी. तू शांत झोप."

६ नोव्हेंबर, बुधवार

जसं झालं तसं लिहितो.

खोली लहान होती, वर्गासारखी. मध्ये सुनावणी अधिकारी, एका बाजूला झेलिन्स्की बाई, दुसऱ्या बाजूला हार्ग्रोव्ह, त्याच्या मागे कोच. मी शपथ घेतली. झेलिन्स्की बाईंनी माझ्याकडून दिवस वदवून घेतला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सगळं नीट गेलं.

मग हार्ग्रोव्ह उठला. त्याने सोमवारचे कागद काढले.

"मिस्टर टॉलिव्हर, ही सही तुमची?"

"हो."

"सुंदर आहे. इथे साडेएकोणीस तास म्हटलं आहे. तुमच्या वहीत त्याच आठवड्याला एकेचाळीस. तुम्ही खोटं कधी लिहिलंत? तेव्हा की आता?"

"तेव्हा," मी म्हणालो. आवाज चढला. "आकडा छापूनच येतो. पंधरा माणसं आणि पंधराही जणांचे तास सारखेच? पाय मोडून दवाखान्यात पडलेल्या मॅब्रीचेसुद्धा गेल्या फेब्रुवारीत साडेएकोणीस तास भरलेत तुम्ही. काढा तो कागद. बघा."

अधिकाऱ्याने तो कागद मागितला आणि पाहिला. झेलिन्स्की बाईंनी टेबलाखाली मूठ आवळलेली मला दिसली. आम्ही जिंकत होतो. मला आयुष्यात इतकं उंच कधी वाटलं नव्हतं.

हार्ग्रोव्हने पान उलटलं.

"हा दुसरा रकाना. लान म्हणजे मिस्टर लान्साना दियाता. ते शिक्षणाच्या व्हिसावर इथे आहेत, बरोबर?"

झेलिन्स्की बाईंनी हरकत घेतली. अधिकारी म्हणाला, व्हिसाचा इथे संबंध नाही, पण वही विश्वासार्ह आहे का एवढ्यापुरतं विचारा.

"एवढ्यापुरतंच," हार्ग्रोव्ह म्हणाला. "मिस्टर दियातांचेही एकेचाळीस तास तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत? शपथेवर सांगा."

मी म्हणालो, "नाही."

"नाही?"

"अंदाजाने भरले. रकाना रिकामा होता म्हणून. तो येतच नाही पुष्कळदा. उशिरा उठतो. सरावात बसून असतो." आणखी पक्कं करावं म्हणून मी म्हणालो, "आळशी आहे तो. वीस ताससुद्धा भरणार नाहीत."

"म्हणजे या वहीतले काही आकडे खरे आणि काही मनाने रचलेले."

"फक्त त्याचे."

"आणि कोणते कोणते हे फक्त तुम्हालाच माहीत. धन्यवाद. मला आणखी काही विचारायचं नाही."

तो बसला तेव्हा मला कळलं. कोचने मला वाट दाखवली नव्हती. कोचने मला खड्डा दाखवला होता, आणि मी सदरा इस्त्री करून त्यात उतरलो.

मी मागे वळलो. शेवटच्या रांगेत लान्साना बसला होता. कोट, टाय. मला वाटलं, तो मला धीर द्यायला आला असेल. तो उठला आणि वाकून दारातून बाहेर गेला.

७ नोव्हेंबर, गुरुवार

गावच्या पेपरात मथळा आहे: ‘दियाता आळशी, सहकाऱ्याची शपथेवर साक्ष’. वहीबद्दल आत चार ओळी.

सरावाला कोच सगळ्यांसमोर म्हणाले, "मी काल शपथेवर ऐकलं की आपल्यातला एक जण उशिरा उठतो." आणि लान्सानाला प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर धावायला लावलं. वर, खाली, वर, खाली. एक तास दहा मिनिटं. तो एकदाही थांबला नाही. आम्ही चौदा जण चेंडू हातात धरून उभे होतो.

मॅब्री माझ्याजवळ आला. आज त्याने विनोद केला नाही. "कारकून," तो म्हणाला, "तू त्याचं काय केलंस ते बघून ठेव."

"मी त्याला वाचवलं!"

"हो का? विचार त्याला."

खोलीत आलो तेव्हा त्याचा फोन चालू होता. आईशी बोलत होता, त्यांच्या भाषेत. मला एकच शब्द कळला, माझं नाव. बातमी झिगिंशोरपर्यंत पोचली. फोन ठेवल्यावर तो भिंतीकडे तोंड करून झोपला. मी म्हणालो, "लान, व्हिसा तर राहिला ना?" त्याने पांघरूण डोक्यावर ओढलं.

मला समजत नाही. मी सगळं त्याच्यासाठी केलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

झेलिन्स्की बाईंनी बोलावलं. त्या ओरडतील अशी मी तयारी करून गेलो होतो. त्या ओरडल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं.

"क्विन्सी, तू वही दिलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी लान्साना दोन बस बदलून इथे आला. मी त्याला व्हिसाची कामं बघणाऱ्या एका वकील बाईकडे नेलं. दोन तास बसलो. तिने सगळं समोर मांडलं. धोका आहे, किती आहे ते सांगता येत नाही, तुझा रकाना आम्ही झाकून टाकू शकतो. तो म्हणाला, झाकू नका."

"त्याला समजलं नसेल."

"त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त समजलं होतं. तो बुधवारी तुझ्यानंतर साक्ष देणार होता, स्वतः. म्हणून आला होता कोट घालून. तुझ्यानंतर मी त्याला उभं केलं असतं तर आमचेच दोन साक्षीदार एकमेकांना खोटं पाडत बसले असते."

"मला का नाही सांगितलंत?"

"मी सांगायला हवं होतं. ती माझी चूक. तो म्हणाला, क्विनला सांगू नका, तो घाबरतो."

मी घाबरतो! मी तिथे बसून त्याच्यासाठी, विद्यापीठासाठी, कोचसाठी, सगळ्यांसाठी ठरवत होतो, आणि ज्याचा व्हिसा आहे तो माणूस आधीच ठरवून मोकळा झाला होता. माझं डोकं फुटायची वेळ आली. हार्ग्रोव्हचा राग नव्हता तो.

बाई म्हणाल्या, "तू शपथेवर खोटं बोललास हे आता मला माहीत आहे. मी ते झाकून ठेवू शकत नाही. बुधवारी नोंद बंद होईल. त्याआधी तू स्वतः लेखी दुरुस्ती देऊ शकतोस. पण ऐक. विद्यापीठाच्या नियमांत खोटेपणाची शिक्षा काढून टाकणं आहे. ते तुला सोडणार नाहीत."

"आणि वही?"

"सांगता येत नाही. कदाचित अधिकारी म्हणेल, ज्याने एकदा बदललं तो पुन्हा बदलेल. कदाचित विश्वास ठेवेल. तू काय देणार ते मला मंगळवारी सांग."

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी वजनं, वर्ग, सराव. लान्साना पायऱ्यांवर धावला. आज पन्नास मिनिटं.

दुपारी मी दुरुस्ती लिहायला बसलो. चार वेळा लिहिली. शब्द सगळे बरोबर होते. ‘मी माझ्या मित्राला वाचवण्याच्या हेतूने’ अशी सुरुवात होती. चौथ्यांदा ती ओळ लिहिली तेव्हा मला तिचाच संताप आला. परत माझाच हेतू. कागद फाडला आणि नवा घेतला.

तो आला तेव्हा मी टेबलापाशी होतो. म्हणालो, "लान, मी दुरुस्ती देणार आहे. पण तुझ्याबद्दल काय लिहायचं ते मी ठरवणार नाही. तुझं नाव वगळायचं असेल तर वगळतो. मी खोटं बोललो एवढंच लिहितो. तू सांग."

तो पलंगावर बसला. गुडघे त्याच्या हनुवटीपर्यंत आले.

"सहा दिवस झाले," तो म्हणाला. "आज विचारतोयस."

"हो."

"आईनं काय विचारलं माहीत आहे? ती म्हणाली, तू तिथे झोपतोस? इथे शाळेत आलो तेव्हापासून सात वर्षांत मी दोनदा घरी गेलो, क्विन. ती गावात सगळ्यांना सांगते, माझा मुलगा काम करतो. व्हिसा गेला असता तर तिला सांगितलं असतं, त्यांनी घालवलं. ते तिला कळतं. आळशी आहे हे कसं कळणार?"

मी पेन खाली ठेवलं.

"ते सगळे माझ्यासाठी चांगलंच करतात," तो म्हणाला. आवाज चढत गेला, त्याचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. "पिझ्झा परत कर, तुझ्या चांगल्यासाठी. कागदावर सही कर, तुझ्या चांगल्यासाठी. खुर्ची देतात, चहा देतात! आणि तू? तू माझा भाऊ ना? तूही तेच. मला एकदा विचारायला तुझी जीभ झडली होती?"

"झडली होती."

त्याने पेन माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, "लिही."

मी पेन उचललं.

"लिही, मी खोटं बोललो. मित्रासाठी वगैरे नको. पुढे लिही, लान्साना दियाता आळशी आहे असं मी म्हणालो, ते खोटं आहे. तो शब्द तसाच लिही, गाळू नकोस. त्यांच्या कागदावर तो आहे, तर तुझ्याही कागदावर येऊ दे."

लिहिलं.

"पुढे?"

"पुढे तास. ७ ऑक्टोबरच्या आठवड्यात त्याने..."

"एकेचाळीस," मी म्हणालो आणि लिहिलं.

तो उठला, माझ्या खांद्यावरून वाकून त्याने कागद पाहिला आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"चूक."

"चूक कशी? मी रोज लिहीत होतो. मिनिटाला मिनिट."

"सोमवार, बुधवार, शुक्रवार मी पहाटे साडेचारला खाली जातो. डाव्या गुडघ्यात पाणी होतं, ते सुईने काढतात. साडेपाचला वर येतो. कोच म्हणाले होते, कोणाला सांगायचं नाही, बाहेर कळलं तर पुढे मोठ्या संघात कोणी घेणार नाही. माझ्या चांगल्यासाठी."

"मी कधी पाहिलं नाही."

"तू घोरत असतोस."

मी एकेचाळीसवर एक सरळ रेघ मारली, शेजारी आद्याक्षरं घातली, आणि वर चव्वेचाळीस लिहिलं.